कोल्ड ब्रू : मशीन नको, बरणी पुरे

गेल्या उन्हाळ्यात पंधरा दिवसांच्या आत आमच्या ओळखीच्या तीन व्यावसायिकांनी आम्हाला एकच प्रश्न विचारला. एक कर्जतचे बेकरीवाले, दुसरे खोपोलीचे स्टीलच्या भांड्यांचे दुकानदार आणि तिसरा नेरळजवळ मुंबईकरांच्या फार्महाऊसची देखभाल करणारा तरुण. प्रश्न असा की, ‘कोल्ड ब्रू’ कॉफीचे मशीन कोठे मिळते आणि कितीला पडते? शनिवार-रविवारी येणारी शहरी मंडळी ही कॉफी मागतात, आपल्याकडे नाही म्हटले की तोंड फिरवतात, असे तिघांचेही म्हणणे. आम्ही तिघांनाही एकच उत्तर दिले. मशीन राहू द्या, आधी घरी एक बरणी भिजवून पहा. तिघांपैकी दोघांना हे उत्तर आवडले नाही. मशीन घेतले म्हणजे धंदा सुरू झाला असे समजण्याची आपल्या लोकांची सवय जुनी आहे, म्हणून हा विषय या पानावर सविस्तर घेतो.

पहिला घोळ नावाचाच आहे. आपल्याकडे ‘ब्रू’ म्हटले की इन्स्टंट कॉफीची पुडी डोळ्यांसमोर येते. कोल्ड ब्रू मागितली की वाणी ती पुडी हातावर ठेवतो आणि गिऱ्हाईक ती थंड दुधात ढवळून पितो. ती थंड कॉफी झाली, चांगलीही लागते, पण ती कोल्ड ब्रू नव्हे. इन्स्टंट कॉफी म्हणजे कारखान्यात आधीच अर्क काढून सुकवलेली भुकटी, ती पाण्यात विरघळून जाते. दुसरा घोळ आमच्या एका बुजुर्ग वाचकांच्या मनात होता. बीअरसाठीही इंग्रजीत हाच शब्द वापरतात, तेव्हा यात नशा तर नाही ना, असे त्यांनी विचारले. नाही. यात आंबवण्याची क्रियाच नाही, आणि ही कॉफी कधी आंबली तर ती बिघडली असे समजून मोरीत ओतावी. अमेरिकेत १९६४ साली टॉड सिम्पसन नावाच्या रसायन अभियंत्याने थंड पाण्यात कॉफी भिजवण्याचे जे घरगुती भांडे काढले त्याचे नाव मात्र ‘टॉडी’ आहे! ते त्याच्या स्वतःच्या नावावरून पडले, आपल्या ताडीशी त्याचे काही देणेघेणे नाही. भांडे म्हणाल तर एक प्लास्टिकची बादली, तळाला भोक, भोकात गाळणीचा जाड फेल्ट आणि बूच. एवढेच ते ‘मशीन’.

कोल्ड ब्रू म्हणजे भाजलेली कॉफी जाडसर दळायची, थंड पाण्यात बारा ते अठरा तास भिजत ठेवायची आणि गाळून घ्यायची. विस्तवाचे काम येथे वेळ करतो. उकळत्या पाण्यात कॉफीतला कडवटपणा भराभर उतरतो, थंड पाण्यात तो कमी उतरतो, म्हणून ही कॉफी जिभेला मऊ लागते आणि साखर कमी लागते. यात आम्ल जवळजवळ नसते, पित्ताच्या माणसानेही खुशाल प्यावी, असा प्रचार मात्र ऐकू नका. अमेरिकेत फिलाडेल्फिया येथील संशोधकांनी २०१८ साली गरम आणि थंड दोन्ही पद्धतींची कॉफी तपासली तेव्हा दोन्हींचा पीएच ४.८५ ते ५.१३ यांच्या दरम्यानच निघाला. एकूण आम्लांचे प्रमाण गरम कॉफीत जास्त होते एवढे खरे. हा पीएचचा आकडा वाचकांनी लक्षात ठेवावा, पुढे धंद्याच्या बोलण्यात तो पुन्हा येणार आहे.

कॉफी ही काही आपल्याला परकी वस्तू नव्हे. पंधराव्या शतकात येमेनमधील सूफी मंडळी रात्रीच्या जिक्रसाठी जागे राहावे म्हणून कहवा पीत. १५११ साली मक्केच्या अंमलदाराने तिच्यावर बंदी घातली होती, ती फार काळ टिकली नाही. हिंदुस्थानात सतराव्या शतकात बाबा बुडन यांनी मोखा बंदरातून सात बिया आणल्या आणि चिकमगळूरच्या डोंगरात लावल्या, असे परंपरेने सांगतात. ते डोंगर आजही बाबाबुडनगिरी म्हणून ओळखले जातात, आणि देशातली सर्वाधिक कॉफी आजही कर्नाटकातच पिकते. तेव्हा परदेशी पाकिटातल्या कॉफीमागे धावण्याचे कारण नाही. कर्जतहून लोकलने दादर-माटुंग्याला गेलात तर माटुंग्याला डोळ्यांसमोर भाजून, हवी तशी दळून देणारी जुनी दुकाने आहेत. तेथे दोन गोष्टी स्पष्ट सांगाव्यात. चिकोरी नको आणि दळण जाड हवे, लापशीच्या रव्याएवढे. फिल्टर कॉफीची तयार पूड निम्म्यापर्यंत चिकोरीची असू शकते, कायदा ४९ टक्क्यांपर्यंत ती चालवून घेतो. शिवाय ती पूड इतकी बारीक असते की कपड्यातून गाळताना चिखल होतो.

घरी दळायचे असेल तर मिक्सरमध्ये थांबून थांबून फिरवावे आणि मैद्याच्या चाळणीने बारीक धूळ काढून टाकावी. त्याहून बरा लोखंडी खलबत्ता, वेळ लागतो पण भरड एकसारखी येते. मात्र ज्या भांड्यात मिरची-मसाला वाटला जातो त्यात कॉफी घालू नका. आम्ही एकदा घातली. कॉफीला लसणाचा वास आला आणि घरातून जे ऐकावे लागले ते येथे छापण्याजोगे नाही.

आता साधनांकडे वळू. बाजारात चार-पाच प्रकार आहेत. जपानी पद्धतीचा काचेचा मनोरा दिसायला अत्यंत देखणा. वर पाणी व बर्फ, मध्ये कॉफी, खाली सुरई, आणि सेकंदाला साधारण एक थेंब पडेल अशी बारीक चावी. आमच्या फार्महाऊसवाल्या तरुणाने आमचे न ऐकता उधारीवर हाच मनोरा मागवला. पहिल्याच महिन्यात काचेची चावी तुटली, सुटा भाग मिळेना, आणि उरलेली काच आता शोभेला ठेवली आहे. हप्ते चालू आहेत. मोठ्या हॉटेलच्या दर्शनी भागात असा मनोरा शोभतो, घरात किंवा छोट्या दुकानात त्याचा उपयोग नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे. दांडा दाबून गाळण्याचे फ्रेंच प्रेस नावाचे काचेचे भांडे त्यापेक्षा बरे. आधीच घरात असेल तर वापरावे, दांडा हलक्या हाताने दाबावा. पण त्याची जाळी बारीक गाळ अडवत नाही, म्हणून नंतर कपड्यातून गाळावेच लागते, आणि कपड्यातून गाळायचेच तर त्या भांड्याची गरज काय?

दक्षिणी पद्धतीचा स्टीलचा फिल्टर मात्र कामाचा आहे. वरच्या डब्यात जाड कॉफी, त्यावर जाळीची चकती, चकतीवर पिण्याच्या पाण्याच्या बर्फाचे खडे, आणि सगळा फिल्टर झाकण लावून फ्रीजमध्ये. बर्फ वितळत वितळत रात्रभरात खालच्या डब्यात दाट अर्क जमतो. काम सावकाश होते आणि एका वेळी दोन माणसांपुरतेच, पण चव अशी की मनोऱ्याचा मालकही गप्प बसावा.

सर्वांत सोपी बरणीच. लोणच्याची जुनी बरणी घेऊ नका, तेलाचा वास जात नाही. काचेची रुंद तोंडाची बरणी किंवा झाकणाचा स्टीलचा डबा घ्यावा. तांबे-पितळेची भांडी आपल्या घरांत भरपूर असतात आणि कल्हईवाल्याचा धंदा चालावा अशी आमचीही इच्छा आहे, पण कॉफीत आम्ल असते आणि ती येथे रात्रभर मुरायची असते, तेव्हा तांबे, पितळ आणि अॅल्युमिनियम तिन्ही वर्ज्य. मातीचा माठही नको, माती कॉफीचे तेल पिते आणि चार दिवसांत खवट वास धरते.

शंभर ग्रॅम कॉफीला अर्धा लिटर पाणी घालावे, लाकडी किंवा स्टीलच्या चमच्याने एकदा ढवळावे, सगळी पूड भिजली की झाकण लावून फ्रीजमध्ये सोळा ते अठरा तास ठेवावे. पाणी आधी खळखळ उकळून गार केलेले हवे. यात तडजोड नाही. चहाचे पाणी चुलीवर उकळतेच, म्हणून विहिरीचे, बोअरचे, नळाचे गढूळ पाणी चहात खपून जाते. येथे पुढे कोठेच विस्तव नाही. आपल्याकडे पावसाळ्यात नळाला कसले पाणी येते ते कर्जत-खालापूरच्या गृहिणींना सांगायला नको.

परदेशी कृती आणि आपले घर यांचे जमत नाही ते नेमके पुढच्या पायरीवर. बहुतेक कृतींत लिहिलेले असते की बरणी ‘खोलीच्या तापमानाला’ रात्रभर ठेवा. ती खोली कोणाची? जेथे ही कृती लिहिली गेली तेथे खोलीत वीस-बावीस अंश असतात. आपल्या कर्जतला एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशी ओलांडतो आणि पत्र्याच्या घरात मध्यरात्रीही भिंती गरम असतात. पाच ते साठ अंशांच्या दरम्यान जंतू झपाट्याने वाढतात, हा अन्नसुरक्षेचा पहिला धडा आहे. आम्ही स्वतः पुस्तकावर विश्वास ठेवून एप्रिलात एक बरणी ओट्यावर ठेवली होती. सकाळी झाकण उघडले तर बारीक फुगे आणि आंबूस वास. शंभर ग्रॅम चांगली अॅरेबिका वाया गेली, पण पोटात गेली नाही हे नशीब. तेव्हापासून आमच्या घरी नियम असा की बरणी पहिल्या मिनिटापासून फ्रीजमध्येच.

आणि फ्रीज म्हटला की वीज आली. टाटांचे खोपोलीचे जलविद्युत केंद्र १९१५ सालचे आणि भिवपुरीचे १९२२ सालचे. मुंबईच्या गिरण्या ज्या पाण्याच्या विजेवर चालल्या ते पाणी आपल्या डोक्यावरून खाली येते, आणि पहिल्या वादळी पावसाला अंधार आपल्याच वाड्यांत होतो. यावर वेगळा लेख होईल. येथे एवढेच सांगतो की दार न उघडता बंद फ्रीज साधारण चार तास थंडावा धरतो. वीज त्याहून जास्त वेळ गेली असेल तर बरणीतली कॉफी वास घेऊन किंवा चाखून पाहण्याच्या भानगडीत पडू नये, ओतून द्यावी. घातक जंतू नेहमीच वास देऊन येत नाहीत.

भिजून झाले की गाळणे. आधी चहाच्या स्टीलच्या गाळणीतून, मग मलमलच्या दुहेरी कपड्यातून. कपडा पिळू नये. पिळला की गाळ आणि कडवटपणा दोन्ही उतरतात. लटकवून ठेवावा आणि आपले दुसरे काम करावे. नव्या मलमलीला खळ असते, म्हणून पहिल्यांदा दोन पाण्यांतून उकळून घ्यावी. नंतर प्रत्येक वेळी साध्या पाण्याने धुऊन, उकळून, कडक उन्हात वाळवावी. सुवासिक साबण लावाल तर पुढच्या कॉफीला साबणाचा वास येईल.

आता व्यापाऱ्यांचा हिशेब. शंभर ग्रॅम कॉफी आपल्या वजनाच्या सुमारे दुप्पट पाणी धरून ठेवते. म्हणजे अर्ध्या लिटरातले दोनशे मिलिलिटर चोथ्यात राहिले, हातात आला तीनशे मिलिलिटर दाट अर्क. त्यात तेवढेच पाणी, बर्फ किंवा दूध घातले की सहाशे, म्हणजे दीडशेचे चार पेले. कोणी म्हणेल, मग अर्क कशाला, आठशे मिलिलिटर पाण्यात भिजवून थेट पिण्याजोगीच करू. करा, पण चोथा दोनशे धरणारच, हातात पुन्हा सहाशेच. अर्काने कॉफी वाचत नाही, फ्रीजमधली जागा वाचते. आणि त्याच शंभर ग्रॅममध्ये गरम फिल्टर कॉफीचे दहा-बारा छोटे पेले सहज होतात. म्हणजे कोल्ड ब्रूचा पेला कॉफीच्या खर्चात गरम पेल्याच्या दुपटीहून महाग. वर एक दिवस आधीची तयारी, फ्रीजची जागा आणि न खपलेला माल फेकण्याचा तोटा. गिऱ्हाईक जास्त पैसे देते हे पाहून जे हुरळतात त्यांनी हे आकडे आधी कागदावर मांडावेत.

मग हा धंदा करूच नये काय? आम्ही तसे म्हणत नाही. मुंबईचा माणूस थंडाव्यासाठी आपल्याकडे येतो, ही गोष्ट आदमजी पीरभॉय कुटुंबाने शंभर वर्षांपूर्वी ओळखली आणि स्वतःचा पैसा ओतून नेरळ-माथेरानची गाडी १९०७ साली सुरू केली. कर्जत स्टेशनचा वडा मोठा झाला, कारण घाट चढण्यासाठी मागे इंजिने जोडायला गाड्या तेथे थांबत. खालापूरच्या टोलनाक्यावर आणि जुन्या महामार्गावर आज गाड्यांना तोटा नाही. गिऱ्हाईक आहेच. प्रश्न आहे तो आपण त्याला काय देतो याचा.

आमच्या बेकरीवाल्या मित्रांनी दोनशे रिकाम्या बाटल्या आणि छापील लेबले मागवून ठेवली होती. कॉफी भरायची, बूच घट्ट लावायचे आणि चौकपासून खोपोलीपर्यंतच्या टपऱ्यांवर ठेवायला द्यायच्या, असा बेत. टपऱ्यांवर फ्रीज? काहींकडे आहे, काहींकडे नाही, असे उत्तर मिळाले. येथे वर सांगितलेला पीएचचा आकडा आठवावा. पीएच ४.६ च्या वर असलेला पातळ पदार्थ हवाबंद करून उष्ण जागी ठेवला तर त्यात क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम नावाचा जंतू वाढू शकतो. त्याचे विष माणसाच्या नसा लुळ्या करते, आणि पदार्थाची चव किंवा वास बदललेलाच असेल असेही नाही. कोल्ड ब्रूचा पीएच पाचच्या आसपास आहे. २०१७ साली न्यूयॉर्कच्या एका कंपनीने याच धोक्यापायी आपले कोल्ड ब्रूचे डबे बाजारातून परत मागवले. कोणी आजारी पडले नव्हते, तरीही मागवले. आपल्याकडे तर नुसती बेकरीची मागची खोली आहे.

मित्रांशी आमची दोन तास वादावादी झाली. सोडा-लिंबू विकतो तसेच हे, असे ते म्हणत. आम्ही म्हटले, लिंबू आंबट असते म्हणून वाचवते, दही आंबट असते म्हणून वाचवते, गरम चहा उकळतो म्हणून वाचवतो. या कॉफीला ना पुरता आंबटपणा ना विस्तव, तिला वाचवतो तो फक्त थंडावा, आणि थंडावा बाटलीवर छापता येत नाही. गिऱ्हाईक झाकण लावलेली वस्तू विश्वासाने तोंडाला लावते. ती अमानत आहे. बाटल्या अजून त्यांच्या माळ्यावर पडून आहेत आणि आमच्यावरचा त्यांचा राग पूर्ण गेलेला नाही. पण शनिवार-रविवारी ते आता दुकानातल्या फ्रीजमधून पेल्याने कॉफी देतात. शुक्रवारी भिजवतात, शनिवारी गाळतात, बरणीवर तारीख लिहितात, दूध समोर घालतात आणि रविवारी रात्री उरलेली ओतून देतात. अन्नसुरक्षा कायद्याखालील नोंदणी बेकरीची होतीच, त्यात हा पदार्थ बसतो की नाही ते त्यांनी विचारून घ्यावे असे आम्ही सुचवले आहे.

बर्फाबाबतही एक गोष्ट सांगून ठेवतो. मासळीसाठी येणारी लादी फोडून पेल्यात टाकण्याची खोड काही ठिकाणी होती. महाराष्ट्रात २०१८ पासून न खाण्याच्या बर्फात निळा रंग घालण्याचा नियम झाला तो याचसाठी. लादी रंगहीन दिसली म्हणून ती पिण्याच्या पाण्याचीच असेल असे धरून चालू नये. उकळलेल्या पाण्याचा बर्फ घरीच लावावा.

घरच्यासाठी सांगायचे तर दाट अर्क फ्रीजमध्ये आठवडाभर, पाणी घातलेली कॉफी दोन दिवस, दूध घातलेली लगेच प्यावी. अर्क नुसता पिऊ नये, त्यात कॅफीन बरेच असते. रमजानमध्ये चहा-कॉफी एकदम सुटल्याने ज्यांचे डोके दुखते त्यांना सहरीला यातला अर्धा पेला सोयीचा पडतो. चूल पेटवावी लागत नाही. मात्र वर पाणीही पुरेसे प्यावे.

राहिले खोपोलीचे दुकानदार. आम्हाला वाटते, खरा धंदा त्यांचा आहे. कॉफी विकणाऱ्याला माल फेकावा लागतो, भांडे विकणाऱ्याला नाही. झाकणाचा दोन लिटरचा स्टीलचा डबा, त्यात बसणारी मलमलची पिशवी आणि एक गाळणी, असा जोड त्यांनी लावला तर परदेशी जोडाच्या तुलनेत तो किती स्वस्त पडेल ते त्यांनीच पाहावे. डबा त्यांच्या दुकानात आहे. मलमल भिवंडी-मालेगावच्या मागांवरून आलेली चालेल. पिशवी शिवायला खालापूर-कर्जतमध्ये शिंपी आणि घरी मशीन चालवणाऱ्या आपल्या भगिनी आहेत. नमुन्याच्या सहा पिशव्या आम्ही एका भगिनीकडून शिवून घेतल्या, त्यातल्या पहिल्या दोन फुकट गेल्या. शिवण आत राहिली की तिच्यात चोथा अडकतो आणि धुतला तरी निघत नाही. म्हणून शिवण बाहेरच्या अंगाला घ्यावी. कोपरे टोकदार नकोत, गोल हवेत. दोरा पांढरा सुती घ्यावा, रंगीत दोऱ्याचा रंग उतरला होता. पिशवी डब्यापेक्षा चार बोटे उंच असावी, म्हणजे तोंड नाडीने बांधून काठावर अडकवता येते आणि गाळताना हात कॉफीत बुडत नाही.